गाडीच्या रंगावरची फिल्म : स्वतः लावावी की कारागिराला द्यावी?

नवी गाडी दारात आली की पहिले आठ दिवस घरातली सगळी माणसे तिच्याभोवती फिरत असतात. पेढे वाटले जातात, कोणी आरशावर फुंकर मारून पुसतो, कोणी मुलांना हात लावू देत नाही. नवव्या दिवशी अरुंद रस्त्यावर उसाची ट्रॉली शेजारून जाते, बाहेर लोंबणारे वाढे दारावर घासते आणि पहिली रेघ उमटते. रहिमतपूरहून कोरेगावला जा, साताऱ्याला जा, नाही तर मसूरवरून कराडला जा. गळिताच्या हंगामात या रस्त्यांवर उसाची वाहने चुकवणे कोणालाही जमलेले नाही. पुढे महामार्गाला लागलो की डंपरच्या मागून उडणारी खडी आहेच.

या धास्तीचा आता एक धंदा झाला आहे. गाडी घेताना शोरूममधला विक्रेता चहा पाजता पाजता सांगतो, "साहेब, पीपीएफ करून घ्या, दहा वर्षे बघायला नको." त्यासाठी तो जो आकडा सांगतो तो ऐकून आपण गप्प बसतो. घरी आल्यावर पुतण्या किंवा भाचा मोबाईलवर एक चित्रफीत दाखवतो. त्यात एक माणूस साबणाचे पाणी मारतो, फिल्म पसरतो, रबरी पात्याने पाणी काढतो आणि अर्ध्या तासात बॉनेट आरशासारखे चमकते. पुतण्या म्हणतो, "चाचा, रोल मागवू या, मी लावतो. निम्म्याच्या निम्म्यात काम होईल."

शोरूमचे खरे मानावे की पुतण्याचे? आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांसमोर हा प्रश्न उभा राहतो. आपल्या गॅरेजवाल्या कारागीर बांधवांसमोर तोच प्रश्न उलट बाजूने उभा आहे : हे काम आपण शिकावे की नाही? दोन्ही बाजूंचा एकत्र विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

ही वस्तू काय आहे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टेफ्लॉन, सिरॅमिक कोटिंग आणि ही फिल्म या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. टेफ्लॉन म्हणून जे विकले जाते ते एक प्रकारचे पॉलिश असते आणि काही महिन्यांत उतरते. सिरॅमिक कोटिंग हा रंगावर वाळणारा अतिशय पातळ थर असतो. त्याने पाणी व धूळ चिकटत नाही, चमक टिकते, पण खडीचा मार त्याने अडत नाही. फिल्म ही खरोखरीची पारदर्शक चादर असते. गाडीवरचा कारखान्यातला सगळा रंग, प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत, साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. चांगली फिल्म एकटीच १५० ते २०० मायक्रॉन असते. म्हणजे रंगावर रंगापेक्षा जाड कातडे चढवण्याचा हा प्रकार आहे.

तिचा उगम लष्करी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरची पाती वाळू व खड्यांच्या माराने खराब होत. ती वाचावीत म्हणून थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची चिवट पट्टी तयार केली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींवर आली आणि नंतर आपल्यासारख्यांच्या गाड्यांवर. आज जी चांगली फिल्म मिळते तिला टीपीयू म्हणतात. ती ताणते आणि पुन्हा जागेवर येते. तिच्या वरच्या थरावरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप बुजतात. मात्र खोल गेलेली रेघ बुजत नाही, पोचा अडत नाही, आणि कोणी किल्लीने मुद्दाम ओढले तर फिल्मही फाटते. हे सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्यावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही.

बाजारात पीव्हीसीची स्वस्त फिल्मही याच नावाने विकली जाते. ती कडक असते, उन्हात पिवळी पडते आणि काढताना गोंद मागे सोडते. ओळखण्याची सोपी रीत अशी : तुकडा मागून घ्यावा आणि बोटांनी ताणावा. टीपीयू रबरासारखी मागे येते. पीव्हीसी ताणलेलीच राहते किंवा तिथे पांढरी पडते. चित्रफितीतल्या "निम्म्याच्या निम्म्या" हिशेबात बहुधा हीच फिल्म असते.

माझा अनुभव

आता माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. आमच्या दुकानाची गाडी आम्ही वापरलेली घेतली होती. पैसे वाचवण्याच्या विचाराने रोल मागवला. आधी दारांच्या हँडलमागची खोबण, जिथे नखांचे व अंगठीचे ओरखडे पडतात, तिथे लहान तुकडे लावले. मग डिकीच्या उंबऱ्यावर, जिथे पोती व खोकी घासतात, तिथे पट्टी लावली. दोन्ही कामे उत्तम झाली. आजही ती जशीच्या तशी आहेत. मग अंगात हवा भरली आणि आम्ही बॉनेट हाती घेतले.

वेळ सकाळी अकराची, महिना एप्रिलचा, जागा दुकानासमोरचा रस्ता आणि पाणी बोअरचे. यातली एकेक गोष्ट चुकीची होती. तापलेल्या पत्र्यावर गोंदाने लगेच पकड धरली, फिल्म सरकवता येईना. कडेला सुरकुत्या पडल्या. एस.टी. गेली तिची धूळ आत बसली. बोअरच्या पाण्यातला क्षार वाळून आत पांढरे ठिपके उठले. शेवटी कडा जुळेनात म्हणून पुतण्याने ब्लेड चालवले, ते फिल्ममधून खाली रंगात उतरले.

वर्षभराने ती फिल्म काढायला घेतली तेव्हा खरी किंमत कळली. बॉनेटचा एक कोपरा आधीच्या मालकाने बाहेर रंगवून घेतलेला होता. कारखान्याचा भट्टीत भाजलेला रंग पत्र्याला घट्ट धरतो. बाहेरचा रंग तसा धरेलच असे नाही. फिल्मबरोबर त्या कोपऱ्याचा रंग सोलून आला. ब्लेडने चिरले होते तिथे गंजाची तांबडी रेघ धरली होती. बॉनेट पुन्हा रंगवावे लागले. रोलचे पैसे गेले, रंगाचे गेले, दोन दिवस दुकान अर्धे बंद राहिले ते वेगळेच. यात दोष ना फिल्मचा ना पुतण्याचा. कोणते काम आपले आणि कोणते आपले नाही, हे मला वेळेवर कळले नाही.

हिशेब मांडून पाहू

आपण व्यापारी आहोत, तेव्हा भावनेपेक्षा आकडे बरे. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. आपल्या पेंटरला आणि फिल्मवाल्याला भाव विचारून प्रत्येकाने ते बदलून घ्यावेत. धरून चला की संपूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायला एक लाख रुपये लागतात आणि बॉनेट व पुढचा बंपर चांगल्या पेंटरकडून रंगवायला दहा हजार. म्हणजे त्या एका लाखात गाडीचा पुढचा भाग दहा वेळा रंगवून होतो. सहा-सात लाखांच्या गाडीला लाखाचे कातडे चढवणे हा शौक झाला, व्यवहार नव्हे. शौक करायला मनाई नाही, पण त्याला बचत म्हणू नये.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. गाडी विकताना हुशार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र घेऊन येते. बाहेर रंगवलेला पत्रा लगेच ओळखू येतो आणि मग तो "अपघात झालाय का?" असे विचारून भाव पाडतो. मूळ रंगाला बाजारात किंमत आहे. म्हणून ज्याची गाडी रोज महामार्गावर धावते आणि पाच-सात वर्षे ठेवायची आहे, त्याने मार बसणारा भाग, म्हणजे बॉनेट, पुढचा बंपर, आरशांच्या पाठी आणि दारांच्या खालच्या पट्ट्या, एवढ्यांनाच फिल्म लावणे शहाणपणाचे. टपावर आणि मागे पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही. ज्याची गाडी गावातल्या गावात फिरते त्याने हँडलच्या खोबणी आणि डिकीचा उंबरा एवढे करावे आणि उरलेले पैसे मालात घालावेत.

कोणते काम कोणाचे

माझ्या मते वाटणी सरळ आहे. जो भाग सपाट आहे, तळहाताएवढा किंवा वीतभर रुंद पट्टीचा आहे आणि बिघडला तर शंभर-दोनशे रुपयांचा तुकडा फेकून पुन्हा लावता येतो, तो स्वतः लावावा. हँडलची खोबण, दाराची कड, डिकीचा उंबरा, मोटारसायकलच्या टाकीवर गुडघा घासतो ती जागा, ही घरची कामे आहेत. काम सावलीत, पत्रा गार असताना, सकाळी लवकर करावे. आधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. बोअरचे पाणी वापरू नये, आरओचे घ्यावे. त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात. गाडी धुऊन, पुसून, बोट फिरवून खर लागत नाही ना ते पाहावे. तुकडा आधी कागदावर बेतून, बाहेरच कापून, कोपरे गोल करून मग लावावा. टोकदार कोपरा प्रथम उचलतो. गाडीवर ब्लेड चालवायचे नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा. लावल्यानंतर आठवडाभर ती जागा धुऊ नये.

जो भाग वळणाचा आहे, मोठा आहे, आणि बिघडला तर खालचा रंग जाण्याची भीती आहे, तो कारागिराला द्यावा. बंपर आणि आरसा हे सगळ्यात अवघड. तिथे फिल्म दोन दिशांनी ताणावी लागते. जास्त ताणली की ती नंतर आखडते आणि कड सुटते. कमी ताणली की सुरकुती राहते. किती ताणायची हे हाताला कळावे लागते, आणि ते चित्रफीत पाहून कळत नाही. शिंप्याच्या दुकानासमोर वर्षभर बसले म्हणून शेरवानी शिवता येत नाही, तसेच हे आहे.

कारागीर कसा निवडावा

पण "कारागिराला द्या" म्हणून प्रश्न सुटत नाही. पाटीवर "प्रोफेशनल" लिहिले की माणूस तसा होतो असे नाही. काम देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, काम करण्याची जागा बंद आहे की उघडी? रस्त्याच्या कडेला बॉनेटवर फिल्म लावणारा आमच्या पुतण्याचाच मोठा भाऊ समजावा. दुसरी, फिल्म कोणत्या कंपनीची, तिचा रोल व खोके आपल्यासमोर उघडणार का? तिसरी, गाडीवर ब्लेड चालवणार की आधी कापून आणणार? मशीनवर बेतून कापतात, किंवा धागा असलेली पट्टी खाली लावून त्या धाग्याने कापतात. दोन्ही चालेल. चौथी, त्याने दोन वर्षांपूर्वी केलेली गाडी दाखवू शकतो का? कालची गाडी सगळ्यांचीच चमकते. दोन उन्हाळे काढलेली कड पाहावी.

आपल्याकडूनही एक गोष्ट खरी सांगावी : गाडीचा कोणता भाग पूर्वी रंगवलेला आहे. ते लपवले आणि पुढे रंग निघाला तर कारागिराच्या अंगावर ढकलणे हा अन्याय आहे.

आणि बिल घ्यावे. जीएसटी वाचवण्यासाठी कोऱ्या कागदावर आकडा लिहून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कंपनीची पाच किंवा दहा वर्षांची हमी बहुधा तिच्या मान्यताप्राप्त फिटरने लावली, नोंद केली आणि बिल दिले तरच लागू होते. स्वतः लावलेल्या फिल्मला ती हमी सहसा नसते. वाद झाला तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. पण बिलच नसेल तर व्यवहार झाला हे सिद्ध कशाने करणार? केवळ धंद्यासाठी वापरलेल्या मालाला या कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. दुकानाच्या गाडीबाबत हा फरक आधी समजून घ्यावा.

कायद्याचे आणखी दोन शब्द. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवरच्या काळ्या फिल्मला बंदी घातली. तो निकाल काचेपुरता होता. रंगावरची पारदर्शक फिल्म त्यात येत नाही. मात्र रंगीत फिल्म लावून गाडीचा रंगच बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते, मग गाडी साताऱ्याच्या एमएच-११ ची असो की कराडच्या एमएच-५० ची. पोरांच्या हौसेखातर काळी गाडी मॅट हिरवी करण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.

आपल्या कारागिरांना चार शब्द

आता दुसऱ्या बाजूला येतो, आणि मला खरे बोलायचे आहे ते इथेच. डेंटिंग, पेंटिंग, कुशन, वेल्डिंग ही कामे आपल्या भागात बऱ्याच अंशी आपल्याच बांधवांच्या हातात आहेत. लांबी भरून, वॉटर पेपर मारून, पोचा पडलेला पत्रा पूर्वीसारखा करणारे उस्ताद लहान लहान गावांत बसले आहेत. रंग कारखान्याचा की बाहेरचा, हे त्यांना यंत्राशिवाय बोट फिरवून सांगता येते. फिल्म लावणाऱ्याला सगळ्यात आधी हेच ज्ञान लागते. तरीही फिल्मचे काम रहिमतपूरवरून साताऱ्याला, पुण्याला, कोल्हापूरला जाते आणि आपला उस्ताद त्या फिल्मखालून निघालेला रंग पुन्हा मारत बसतो.

काळ्या फिल्मवर २०१२ साली गदा आली तेव्हा ज्यांना तेवढेच एक काम येत होते त्यांच्या धंद्यावर पाणी पडले. ज्यांचा हात पाण्यावर फिल्म सरकवायला शिकलेला होता, त्यांच्याकडे दुसरे काही करण्याची सोय होती. हुन्नर एका मालाला बांधून ठेवू नये, हा त्यातला धडा. रंगाची कामेही पूर्वीसारखी राहणार नाहीत. ज्या गाड्यांवर फिल्म चढेल त्या बॉनेट रंगवायला येणार नाहीत.

शिकायचे कसे? भंगारवाल्याकडून एक जुने बॉनेट आणि एक बंपर आणावा. स्वस्त फिल्म त्यावर दहा वेळा लावावी, दहा वेळा काढावी. मग दोन-तीन महिने एखाद्या मोठ्या शहरातल्या दुकानात हाताखाली राहावे. वयाच्या तिशीत शागिर्दी करण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. परत आल्यावर लहान कामांनी सुरुवात करावी : हँडल, उंबरा, स्कूटर, मोटारसायकलची टाकी. यात भांडवल थोडे लागते आणि चूक झाली तर तुकड्यापुरतीच होते. कापण्याचे मशीन कर्ज काढून पहिल्याच दिवशी आणू नये. महिन्याला किती गाड्या येतात ते सहा महिने वहीत लिहावे, मग ठरवावे. एक गाळा तेवढा तीन बाजूंनी बंद, धूळमुक्त, चांगल्या उजेडाचा करावा. ज्या जागेत पत्रा घासला जातो त्याच जागेत फिल्म लावता येणार नाही.

आणि सचोटी. पीव्हीसी लावून टीपीयूचे पैसे घेणे हे पहिल्या वर्षी कळत नाही, तिसऱ्या उन्हाळ्यात सगळ्या बाजाराला कळते. मालातला दोष झाकून विकणे आपल्याला मना आहे, हे वेगळे सांगायला नको. स्वस्त फिल्म विकायची तर स्वस्त म्हणून विकावी, बिलावर तिचे नाव लिहावे. रंगवलेला पत्रा दिसला तर काम घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला सांगावे की इथला रंग पुढे निघू शकतो. एखादे काम गेले तरी चालेल. लहान गावात गिऱ्हाईक एकदा येत नाही, त्याचा भाऊ, मेहुणा आणि शेजारीही येतात, किंवा यापैकी कोणीच येत नाही.

काही व्यापारी म्हणतील, "मोठ्या शहरातच देऊ, गावातल्यावर भरवसा नाही." ही भीती निराधार नाही. पण शहरातल्या दुकानात कड सुटली तर एक दिवस आणि शंभर-दीडशे किलोमीटर घालवून पुन्हा जावे लागते. गावातला कारागीर रोज नजरेसमोर असतो, त्याच्या दुकानावरून आपण दिवसातून चार वेळा जातो. त्याने काम शिकले असेल तर त्याची ही जवळीक हीच मोठी हमी आहे. शिकले नसेल तर मात्र ओळखीपाळखीने बॉनेट त्याच्या हवाली करू नये. त्याला आधी हँडलचे काम द्यावे, दोन उन्हाळे पाहावे.

सारांश एवढाच की हँडल आणि उंबरा आपल्या हाताने करावा, बॉनेट आणि बंपर शिकलेल्या हाताला द्यावा, आणि टपावरचे पैसे खिशात ठेवावेत. काम कोणालाही द्या, त्याआधी एक प्रश्न विचारा : बिघडले तर भरून कोण देणार? स्वतः लावत असाल तर उत्तर "मी" आहे, आणि ते परवडते का हे पाहूनच रोल मागवावा. दुसऱ्याला देत असाल तर उत्तर बिलावर लिहून घ्यावे. आणि जो कारागीर बांधव न विचारता स्वतःहून म्हणेल, "बिघडले तर मी भरून देईन," त्याच्या गाळ्यासमोर गाड्यांची रांग लागलेली पाहायला मला आवडेल.